विनाशिका, पण कशाची?

आमच्या गावच्या वाचनालयाला लागूनच एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीस-पस्तीस मुलं-मुली तिथं सकाळी सहापासून बसलेली असतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा तासभर मी तिथं जातो आणि विज्ञानातलं कुणाचं काही अडलं तर सांगतो. चालू घडामोडींच्या वहीत त्यांनी एक ओळ उतरवून घेतलेली असते: 'आयएनएस मोरमुगाव, विनाशिका, माझगाव डॉक, १८ डिसेंबर २०२२.' दर वर्षी नवी मुलं आली की त्यांच्यातलं कुणीतरी ती वही माझ्यापुढं धरतं. "सर, पाणबुडी म्हणजे पाण्यात बुडणारी, हे कळतं. विमानवाहू म्हणजे विमानं वाहणारी, तेही कळतं. पण विनाशिका म्हणजे नेमका कशाचा विनाश करणारी? विनाश तर सगळ्याच युद्धनौका करतात की."

प्रश्न अगदी नेमका आहे. घरच्या कार्यात, एसटीत, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनीही मला तो विचारलेला आहे. आता तुम्हीही तोच विचारलात, म्हणून आज सविस्तर लिहून काढतो.

एका वाक्यातलं उत्तर असं: टॉर्पेडो बोटींचा, म्हणजे पाण्याखालून जहाज फोडणारं हत्यार वाहणाऱ्या लहान, वेगवान होड्यांचा विनाश करणारी. या जहाजाचं मूळ इंग्रजी नाव 'टॉर्पेडो-बोट डिस्ट्रॉयर'. पुढं त्यातली टॉर्पेडो बोट गळाली आणि नुसता डिस्ट्रॉयर उरला. आपण मराठीत नाव घेतलं तेव्हा कर्म आधीच गळालेलं होतं, म्हणून आपल्या वाट्याला नुसती विनाशिका आली. पण एवढ्यावर थांबलं तर परीक्षेपुरतं भागेल, समजणार काही नाही. कोणत्या भीतीपोटी हे जहाज जन्माला आलं ते कळायला हवं. शिवाय माझी चौतीस वर्षं बॉयलरसमोर गेली आहेत, आणि ही गोष्ट जितकी तोफांची आहे त्याहून जास्त बॉयलरची आहे असं माझं मत आहे. म्हणून थोडा वेळ घेतो.

आधी टॉर्पेडो. मराठीत त्याला पाणतीर हा सुरेख शब्द आहे. पण सुरुवातीला टॉर्पेडो हा तीर नव्हताच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, पाण्यात बांधून ठेवलेल्या सुरुंगाला टॉर्पेडो म्हणत. त्याच युद्धात लांब दांड्याच्या टोकाला स्फोटकं बांधून ती शत्रूच्या जहाजाच्या पोटाला नेऊन टेकवायची, असा प्रकार सुरू झाला. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनजवळ 'हनली' या हातानं फिरवायच्या पाणबुडीनं 'हौसाटोनिक' हे जहाज असंच बुडवलं, पण तिच्यातले आठ जण काही परत आले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात विल्यम कुशिंग नावाचा तरुण अधिकारी वाफेची छोटी लाँच घेऊन रोअनोक नदीतून रात्रीच्या अंधारात वर गेला आणि 'आल्बमार्ल' या चिलखती नौकेच्या बुडाशी त्यानं दांडा लावला. लाँच गेली, तो नदीत उडी टाकून वाचला. मूठभर माणसांची होडी चिलखती नौका बुडवू शकते, हे जगाला दिसलं. अडचण एकच होती, की मारणाराही बहुतेक वेळा बरोबर मरत असे. दूरवरूनच वार करता आला तर?

ते काम एड्रियाटिक समुद्राकाठच्या फिऊमे बंदरात झालं. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे आणि रिएका म्हणून ओळखलं जातं. जोव्हान्नी लुप्पिस हा ऑस्ट्रियन नौदलातला निवृत्त अधिकारी. किनाऱ्यावरून दोऱ्यांनी वळवता येईल अशी स्फोटकांची होडी त्याच्या डोक्यात होती. ती घेऊन तो रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरकडे गेला. व्हाइटहेडनं दोऱ्या टाकून दिल्या, होडी पाण्याखाली नेली आणि दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र तिच्या पोटात बसवलं. १८६६ साली पहिला पाणतीर तयार झाला. वेग सहा-सात नॉट, पल्ला दोनेकशे यार्ड. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे हा तीर फार तर धावत्या माणसाच्या वेगाचा.

वेगाचं पुढं बघता आलं असतं. खरी खोट खोलीची होती. पाणतीर कधी पाण्यावर उसळे, तर कधी खाली जाऊन जहाजाच्या बुडाखालून निघून जाई. पाण्याच्या दाबावर चालणारी झडप बसवली तरी तो खालीवर हेलकावे खातच जाई. इथं माझ्यातला कारखानेवाला जागा होतो. टर्बाइनच्या गव्हर्नरची, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची, सेटिंग चुकली की आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा, असाच वरखाली नाचतो, त्याला आम्ही 'हंटिंग' म्हणतो. नुसती चूक किती आहे हे कळून यंत्र शांत होत नाही, ते कोणत्या बाजूला निघालंय हेही त्याला कळावं लागतं. व्हाइटहेडनं १८६८ मध्ये त्या झडपेला एक लंबक जोडला. पाणतीराचं तोंड खाली झुकलं की लंबक पुढं जाई, वर गेलं की मागं येई, आणि झडप व लंबक दोघं मिळून मागचं सुकाणू हलवत. हेलकावे जवळपास थांबले. ही जोडणी इतकी गुप्त ठेवली होती की तिचं नावच 'द सीक्रेट' पडलं. १८७० मध्ये शिअरनेस इथं इंग्रजांसमोर चाचण्या झाल्या, एक जुनं जहाज बुडवून दाखवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारनं १५ हजार पौंड मोजून बनवायचा हक्क घेतला. स्वयंचलित नियंत्रण शिकवताना पुस्तकात बहुधा वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर असतो. माझ्या मते तिथं हा लंबकही असायला हवा.

आता दुसरी बाजू बघा. त्याच दशकात इंग्लंडनं 'इन्फ्लेक्सिबल' नावाची युद्धनौका बांधली. जवळपास १२ हजार टनांची, आणि तिच्या मधल्या भागावरचं चिलखत २४ इंच जाड. दोन फूट लोखंड! तोफगोळ्यांसाठी ते ठीक होतं. पण पाण्याखालच्या पोटाला तसलं चिलखत नव्हतं, घालणं शक्यही नव्हतं. आणि १८७६ साली लंडनजवळ चिझिक इथल्या जॉन थॉर्निक्रॉफ्टच्या यार्डात 'लाइटनिंग' ही होडी तयार झाली. ३० टनांच्या थोडी वर, वेग १८ नॉटच्या आसपास, आणि हत्यार म्हणजे व्हाइटहेडचा पाणतीर. नाकात शिरलेली मुंगी हत्तीला मारते, ही आपल्याकडची लहानपणची गोष्ट. जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलाला ती आता खरी वाटायला लागली.

सुरुवातीचे नेम चुकले. १८७७ च्या मे महिन्यात पेरूच्या किनाऱ्याजवळ 'शाह' या ब्रिटिश युद्धनौकेनं बंडखोरांच्या ताब्यातल्या 'वास्कर' या युद्धनौकेवर पाणतीर सोडला. लढाईत सोडलेला व्हाइटहेडचा हा पहिला पाणतीर. 'वास्कर' त्याच्यापेक्षा जोरात पळत होती, निसटली. पण जानेवारी १८७८ मध्ये काळ्या समुद्रावर बटुमी बंदरात स्तेपान माकारोव या रशियन अधिकाऱ्याच्या बोटींनी 'इंतिबाह' हे तुर्की जहाज पाणतीरानं बुडवलं. स्वतःच्या बळावर धावणाऱ्या पाणतीराचा जगातला हा पहिला बळी. माकारोवचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग 'लाइटनिंग'सारख्या टॉर्पेडो बोटींचं पेवच फुटलं. फ्रान्स, रशिया, जर्मनी, इटली, सगळे बांधायला लागले. फ्रान्समध्ये तर यातून एक पंथच उभा राहिला. ॲडमिरल तेओफिल ओब हा त्याचा म्होरक्या, १८८६-८७ मध्ये तो नौदलमंत्रीही होता. इंग्रजांशी मोठ्या जहाजांच्या बाबतीत बरोबरी करणं आपल्या खिशाला परवडणार नाही, मग कशाला करायची? स्वस्तातल्या टॉर्पेडो बोटी शेकड्यानं बांधू आणि खाडीतून एकदम बाहेर पडून त्यांच्यावर तुटून पडू. हा विचार ऐकला की आपल्या माणसाला गनिमी कावा आठवतोच, आणि आठवला तर चूक नाही. दुबळ्यानं बलाढ्याशी कसं लढावं, याची उत्तरं जगात सगळीकडे एकमेकांसारखीच निघतात.

इंग्रजांनी आधी बचावाचे उपाय केले. जहाजाभोवती लोखंडी कड्यांची जाळी सोडली. पण जाळी सोडलेलं जहाज धड चालू शकत नाही. रात्रीसाठी विजेचे शोधदिवे बसवले, भराभर गोळे सोडणाऱ्या लहान तोफा बसवल्या. मग वाटलं, या बोटींना पकडणारंच एखादं जहाज हवं. त्यातून 'टॉर्पेडो कॅचर' निघाले. १८८६ ची 'रॅटलस्नेक' त्यातली पहिली. तोफा चांगल्या, समुद्रातही टिकणाऱ्या, पण वेग जेमतेम १९ नॉट. पुढच्या कॅचरांची आखणी २१ नॉटची झाली, तरी प्रत्यक्ष समुद्रात गाडी तिथंच अडायची. ज्याला पकडायचं तो २० च्या वर पळतोय आणि पकडणारा मागंच. मांजर उंदराहून सावकाश असेल तर तिचे दात कितीही धारदार असून काय उपयोग?

याच वर्षांत दोन देशांनी जवळपास उत्तर गाठलं होतं, आणि त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जायचं नाही. जपाननं यारो या इंग्रज बांधणीकाराकडून 'कोताका' मागवली. तिचे सुटे भाग बोटीनं नेऊन योकोसुकाला जोडले. दोनशे टनांची ही बोट त्या वेळच्या टॉर्पेडो बोटींत थोराड होती. आणि स्पेनच्या फेर्नांदो व्हियामील या अधिकाऱ्यानं एक जहाज कल्पिलं, ते स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला बांधून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'देस्त्रुक्तोर'. ते १८८६ साली पाण्यात उतरलं, वेग साडेबावीस नॉट. स्पॅनिशमध्ये देस्त्रुक्तोर म्हणजे विनाशक. म्हणजे इंग्रजांच्या आधी सहा-सात वर्षं हे नाव एका जहाजावर रंगवलेलं होतं. कल्पनेचं श्रेय द्यायचं झालं तर मी व्हियामीलला देईन. ३ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या सांतियागोबाहेर अमेरिकेशी झालेल्या लढाईत तो 'फुरोर' या विनाशिकेवर होता. जवळून आग ओकणारी एक अमेरिकन गनबोट, जी मुळात एका धनाढ्याची आनंदनौका होती, आणि मागं मोठ्या जहाजांच्या तोफा. 'फुरोर' बुडाली आणि व्हियामील गेला. ज्या जातीचं जहाज त्यानं मनात पहिल्यांदा पाहिलं, त्याच जातीच्या जहाजावर.

मात्र हे जहाज डझनांनी बांधलं जायला लागलं ते १८९२ नंतर, इंग्लंडमध्ये. त्या वर्षी जॉन फिशर हा झपाटलेला ॲडमिरल नौदलाच्या जहाजबांधणीचा प्रमुख झाला. आल्फ्रेड यारो याचं यार्ड लंडनला थेम्सकाठी पॉप्लरमध्ये. तो फ्रान्समधली यार्डं पाहून आला आणि तिकडच्या नव्या बोटी किती वेगवान होताहेत हे त्यानं फिशरच्या कानावर घातलं. फिशरनं त्यालाच विचारलं, तू यापेक्षा वेगवान काही बांधशील का? आणि ही जहाजं बोटींचा विनाश करणार, म्हणून त्यांना तेच नाव देऊ, असं तिथल्या तिथं ठरलं, असं सांगतात. फिशरनं एक शहाणपणा केला. नौदलाच्या कचेरीत नकाशे काढून यार्डांवर लादले नाहीत. वेग किती हवा, तोफा काय हव्यात एवढं सांगितलं आणि बाकीचं यारो, थॉर्निक्रॉफ्ट, लेअर्ड या बांधणाऱ्यांवर सोडलं. ज्यानं आयुष्यभर हलक्या बोटी बांधल्या त्यालाच हलकं जहाज कळतं. वरच्या ऑफिसातून आलेला नकाशा आणि प्रत्यक्ष कामावरचा फिटर यांच्यातलं अंतर मी आयुष्यभर पाहिलंय, म्हणून फिशरचा हा निर्णय मला मोठा वाटतो.

यारोची 'हॅवक' १२ ऑगस्ट १८९३ रोजी पाण्यात उतरली. वजन २४० टनांच्या आसपास, लांबी १८० फूट, रुंदी साडेअठरा. हे प्रमाण डोळ्यांपुढं आणा: रुंदीच्या जवळपास दसपट लांबी, म्हणजे पाण्यावर टाकलेली फूटपट्टीच. पत्रा काही मिलिमीटरचा. एक १२ पौंडी तोफ, म्हणजे १२ पौंडांचा गोळा सोडणारी, तीन ६ पौंडी, आणि पाणतीर सोडायच्या तीन नळ्या, त्यातली एक थेट नाकात. ही नाकातली नळी पुढं काढून टाकावी लागली. ती समोरचं पाणी उडवून सगळा पुढचा भाग भिजवायची, आणि जहाज इतकं वेगवान की स्वतःच सोडलेल्या पाणतीरावर चढायची भीती. चाचणीत 'हॅवक'नं २६ नॉट ओलांडले, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. आज मोटारसायकलवाला त्या वेगाला हसेल. पण कोळशाचं २४० टनी जहाज समुद्रावर ताशी ४८ नं नेणं काय असतं, ते भट्टीपुढं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आता भट्टीकडे येतो.

'हॅवक'चे बॉयलर रेल्वे इंजिनाच्या धाटणीचे होते. अशा बॉयलरमध्ये आग आणि धूर नळ्यांच्या आतून जातो, पाणी बाहेर असतं. नळ्यांची तोंडं एका जाड प्लेटमध्ये फुलवून घट्ट बसवलेली असतात, त्यासाठी एक्स्पांडर वापरतात. मी नोकरीच्या सुरुवातीला एका कागद गिरणीत होतो. तिथला बॉयलर असाच जुना, लहान, फावड्यानं कोळसा टाकायचा. एकदा ऑर्डर निकडीची होती म्हणून वरून हुकूम आला, पंखा पूर्ण सोडा. रात्रभर आम्ही तशी आग लावली. दर पाच-सात मिनिटांनी दार उघडायचं, कोळसा फेकायचा, बंद करायचं. दार उघडलं की थंड हवेचा झोत थेट लालबुंद प्लेटवर. सकाळी भट्टी निवल्यावर आत बॅटरी मारली तर अकरा नळ्यांच्या तोंडाखाली पांढरे ओघळ. पाणी पाझरून उडून गेलेलं, मागं क्षार राहिलेला. हात लावला तर बोटाला पिठासारखा लागला. वरिष्ठ अटेंडंट काही बोलले नाहीत, फक्त खिशातल्या खडूनं एकेका नळीला गोल केला. दोन नळ्या प्लग करून टाकाव्या लागल्या, बाकीच्यांना पुन्हा एक्स्पांडर मारला. आठवडा गेला.

टॉर्पेडो कॅचर रखडण्याचं एक मोठं कारण नेमकं हेच होतं. कागदावर वेग यायचा, आग वाढवली की नळ्या पाझरायच्या. नळीच्या तोंडावर लोखंडी टोपी बसवून प्लेट वाचवायची युक्ती ब्रिटिश नौदलानंच काढली, आपल्याकडे तिला फेरूल म्हणतात. पण ती मलमपट्टी झाली. कायमचा उपाय म्हणजे उलटं करणं, पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. अशा वॉटर-ट्यूब बॉयलरमध्ये पाणी कमी लागतं, वजन घटतं, वाफ लवकर धरते आणि आग एकदम वाढवली तरी अंगाला लागत नाही. 'हॅवक'ची जुळी बहीण 'हॉर्नेट'. तिच्यात यारोनं आपल्या पद्धतीचे आठ वॉटर-ट्यूब बॉयलर बसवले, वर एक वाफेचा ड्रम, खाली दोन पाण्याचे, मधे सरळ नळ्या. 'हॉर्नेट' २७ नॉटच्या वर गेली, आणि त्या घटकेला जगातलं सर्वांत वेगवान जहाज म्हणून गाजली.

यारोचा एक प्रयोग मी मुलांना नेहमी फळ्यावर काढून दाखवतो. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी, की बॉयलरमध्ये पाणी फिरतं राहायचं तर ज्या नळ्यांतून ते खाली उतरतं त्या थंड हव्यात. यारोनं यू आकाराची नळी उभी केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना गॅसचे बर्नर लावले. आधी एकच बाजू तापवली, त्या बाजूनं पाणी वर चढलं, दुसरीकडून उतरलं, अपेक्षेप्रमाणेच. मग उतरत्या बाजूचेही बर्नर पेटवले. सगळ्यांना वाटलं आता प्रवाह अडेल. तो अडला नाहीच, उलट वाढला. म्हणजे उतरणाऱ्या नळ्याही आगीतच ठेवता येतात, बाहेरून वेगळ्या थंड नळ्या आणायची गरज नाही. किती वजन वाचलं आणि रचना किती सोपी झाली! कारखान्यातला आमचा बाय-ड्रम बॉयलर याच कुळातला. गाळप हंगामात त्याच्यासमोर बसून मी कितीतरी वेळा मनात यारोला नमस्कार केला आहे.

पण बॉयलर चांगला झाला म्हणून भट्टीपुढच्या माणसाचं काम सुसह्य झालं नाही. या जहाजांत भट्टीची खोली हवाबंद असे. वरून पंखा खोलीत हवा कोंबत राही, आणि त्या हवेला बाहेर जायला वाट एकच, आगीतून. आत जायला-यायला दोन दारांची मधली खोली, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पंखा बंद पडला तर दाब उतरणार आणि ज्वाळा भट्टीच्या दारातून उलट माणसांच्या अंगावर येणार. नळी फुटली तर वाफ त्याच कोंडलेल्या खोलीत. फूटपट्टीसारखं जहाज लाटांवर डोलतंय, पायाखाली कोळसा घसरतोय आणि हातातलं फावडं भट्टीच्या नेमक्या दारातच रिकामं व्हायला हवं. वरच्या डेकवर राहणाऱ्यांचंही सुख नव्हतं, सगळं ओलं, सगळं हलणारं. असल्या जहाजांवरच्या खलाशांना खडतर राहणीसाठी वेगळा भत्ता मिळत असे. पुस्तकांत कप्तानांची नावं आहेत, बांधणाऱ्यांची आहेत. 'हॅवक'चे ते २६ नॉट ज्यांनी फावड्यानं काढले, त्यांची नावं माझ्या तरी वाचनात कुठं आली नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढं वेगाचं वेडच लागलं. २६ झाले, मग २७, मग ३०. चार्ल्स पार्सन्सनं १८९७ च्या नौदल संचलनात 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनची छोटी नौका घुसवून सगळ्यांना मागं टाकलं. त्यानंतर टर्बाइनच्या दोन विनाशिका झाल्या, 'व्हायपर' आणि 'कोब्रा'. 'व्हायपर' ऑगस्ट १९०१ मध्ये धुक्यात खडकावर चढली. आणि १८ सप्टेंबर १९०१ ला 'कोब्रा' उत्तर समुद्रात खवळलेल्या लाटांवर चक्क मधोमध मोडली. ६७ माणसं गेली, त्यात नौदलाचे लोक होते तसे टर्बाइन बसवणारे कारागीरही होते. चौकशीत बांधणीतला कमकुवतपणा हेच कारण ठरलं. वेगासाठी घटवलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब समुद्रानं असा मागितला. त्यानंतर १९०३ पासूनच्या 'रिव्हर' वर्गात वेग मुद्दाम साडेपंचवीसवर आणला, नाक उंच केलं, जहाज दणकट केलं. शांत पाण्यातल्या चाचणीत ३० धावण्यापेक्षा खवळलेल्या समुद्रात २५ टिकणं महत्त्वाचं, हे कळायला दहा वर्षं लागली.

आता मूळ प्रश्नाकडे. नावातली टॉर्पेडो बोट कुठं गेली?

झालं असं, की बोटींचा पाठलाग करायला बांधलेलं हे जहाज बोटींपेक्षा वेगवान होतं, समुद्रात जास्त टिकणारं होतं आणि त्याच्यावर पाणतीरही होते. मग टॉर्पेडो बोटीचं काम तेच जास्त चांगलं करणार, हे उघड आहे. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपाननं युद्ध जाहीर करण्यापूर्वीच पोर्ट आर्थरमध्ये नांगरलेल्या रशियन आरमारावर हल्ला केला. तो टॉर्पेडो बोटींनी नाही, दहा विनाशिकांनी. बहुतेक यारो आणि थॉर्निक्रॉफ्टच्याच यार्डातल्या. १६ पाणतीर सोडले, तीन लागले, तीन मोठी जहाजं जायबंदी झाली. घराची राखण करायला आणलेला रात्री स्वतःच घरफोडीला निघाला. त्या आरमाराला सावरायला रशियानं ज्याला पाठवलं तो ॲडमिरल माकारोव, बटुमीचा तोच. १३ एप्रिलला त्याचं जहाज जपानी पाणसुरुंगावर आदळून बुडालं आणि तोही गेला.

टॉर्पेडो बोटीची जातच यानंतर मागं पडत गेली. जिचा विनाश करायचा तीच उरली नाही, मग नावात तिला कशाला ठेवायचं? इंग्रजांनी ती वगळली. गंमत वाटेल, पण इतर भाषांनी आपापल्या परीनं ती जपली. इटालियनमध्ये विनाशिकेला आजही 'काचातोर्पेदिनिएरे' म्हणतात, म्हणजे टॉर्पेडो बोटींची शिकारी. फ्रेंच लोक 'कोंत्र-तोर्पियर' म्हणत, टॉर्पेडो बोटीच्या विरुद्ध उभी राहणारी. आणि रशियन 'एस्मिनेत्स' हा जोडशब्द उलगडला तर अर्थ निघतो, आरमाराबरोबर जाणारी टॉर्पेडो बोटच. म्हणजे इटालियन नावात शिकारी उरला आणि रशियन नावात शिकार. जहाज एकच.

आपल्या माणसाच्या दृष्टीनं एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात 'एचएमएस मराठा' नावाची विनाशिका होती. आर्क्टिक समुद्रातून रशियाला रसद नेणाऱ्या काफिल्यांच्या राखणीला ती होती. २५ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-९९० नं सोडलेला पाणतीर तिला लागला. तो आवाजाचा माग काढत येणारा होता. त्या गोठलेल्या पाण्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांहून थोडी जास्तच वाचली. व्हाइटहेडच्या लंबकापासून ७६ वर्षांत पाणतीर कुठं पोचला होता ते यावरून कळतं.

मुलांना सांगताना मी एक आकडा शेवटी ठेवतो. आयएनएस मोरमुगाव ७,४०० टनांची आहे, 'हॅवक'च्या तीसपट. तिच्यावर ब्राह्मोस क्षेपणास्त्रं आहेत, गॅस टर्बाइन आहेत, कोळशाचा कण नाही. आणि वेग? ३० नॉटच्या थोडा वर. सव्वाशे वर्षांत बाकीचं सगळं पालटलं, वेग मात्र यारोनं जिथं नेऊन ठेवला तिथून फार पुढं गेला नाही. कारण पाणी तेच आहे.

काही वर्षांपूर्वी नौदल सप्ताहात मुंबईला गोदीत जहाजं लोकांसाठी खुली होती, तेव्हा आयएनएस मुंबई या विनाशिकेवर गेलो होतो. सगळे क्षेपणास्त्रांपुढं रांगा लावून फोटो काढत होते. मी तिथल्या एका तरुण नौसैनिकाला विचारलं, "पाणतीराच्या नळ्या कुठं आहेत?" त्यानं जरा चकित होऊन मला मधल्या डेकवर नेलं. एकीला एक लागून पाच नळ्या, करड्या रंगाच्या, तोंडावर झाकणं. व्यास ५३३ मिलिमीटर. उन्हानं पत्रा तापला होता. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही नेव्हीत होता का?" म्हटलं, "नाही रे, मी बॉयलरवर होतो." आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्याला हीच गोष्ट सांगायला सुरुवात केली, लंबकापासून.